मोबाईलला न दिसलेली चढण

आमच्या धंद्यात मी शिरले ती रागाने. नवरा आधी गवंडी, मग छोटा ठेकेदार. उत्रोलीपासून पार वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत त्यांनी बांधलेली घरं आहेत आणि एकाही भिंतीला कुणी नाव ठेवलेलं नाही. भाव सांगायची रीत मात्र अशी, की अंगणात उभं राहायचं, पावलांनी जागा मोजायची आणि चहा संपायच्या आत आकडा सांगून मोकळं व्हायचं. घरमालक वयाने मोठा असला की तो म्हणणार, "वरचं सोडा की." आणि हे सोडणार. विटा, सिमेंट, माणसांची मजुरी, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. स्वतःची मजुरी तेवढी कधी नसायची. एकदा भांडणात मी विचारलं, चार महिने त्या घरावर तुम्ही काय पुण्य कमवायला उभे होता? तर म्हणाले, "मग तूच काढ की भाव."

ते चिडून बोलले होते, पण मी ते मनावर घेतलं. मी बी.कॉम., लग्नाआधी भोरला कापडाच्या दुकानात बिलं करायचे. आकड्यांना मी कधीच भ्याले नाही. आधी जुन्या कॉम्प्युटरवर तक्ता केला, मग मोबाईलमध्ये अंदाजपत्रकाचं ॲप घेतलं. लांबी, रुंदी, उंची घातली की विटा किती, वाळू किती ब्रास, सिमेंटच्या गोण्या किती, सगळं समोर. खाली मी एक ओळ माझ्या हाताने वाढवली, 'देखरेख'. म्हणजे नवऱ्याची मजुरी. शिवऱ्याच्या गिऱ्हाईकाने ती ओळ वाचूनही घासाघीस न करता होकार दिला, तेव्हा यांनी तो कागद दोनदा वाचला. त्या आठवड्यात रोज माझ्याआधी उठून चहा ठेवत होते, म्हणजे काय ते मी समजले.

मग मी जरा चढलेच. वेल्ह्याकडच्या एका वाडीतलं दोन खोल्या आणि पडवीचं काम आलं. घर एका शेतकरी मावशींचं, मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने मोबाईलवर मापं आणि फोटो पाठवले. हे शिवऱ्याच्या कामात अडकलेले. मी भाकरी थापता थापता मापं भरली आणि संध्याकाळच्या आत मुलाला भाव कळवला. त्याला पटला, पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरच्यांनीच कामाचा नारळ फोडला, आम्हाला जायला जमलं नाही. आमच्यात नारळ फुटला की भाव हलत नाही, मग आभाळ कोसळो.

विटांची पहिली गाडी गेली आणि यांचा फोन आला. गाडी मारुतीच्या देवळापाशी उभी होती. त्यापुढे रस्ताच नव्हता. भातखाचरांच्या बांधावरून, चांगली छातीवर येणारी चढण, आणि घर वरती. सगळं सामान डोक्यावरून न्यायचं. फोटोत घर दिसत होतं, अंगण दिसत होतं, चढण कुठेच नव्हती. आणि ॲप बिचारं मी विचारलं तेवढंच मोजणार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

घरी आल्यावर हे ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "शब्द दिलाय, वाहतूक आपल्या अंगावर. पण ह्याच्यापुढं भाव म्याच सांगीन." पैसे जाणार याचं दुःख होतंच, पण माझ्या हातातलं काम जाणार हे मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी यांना न सांगता निघाले. कापूरहोळला एसटीतून उतरले, पुढे मिळेल त्या गाडीने वाडीखाली. ती चढण स्वतः चढले, मध्ये तीनदा थांबले. मावशींना मोबाईलमधला हिशेब उघडून दाखवला आणि सरळ सांगितलं, की भाव तोच राहील, पण चूक माझी आहे, यांची नाही. आणि विटा वर आणायला दुसरी काही वाट असेल तर दाखवा.

मावशींनी मोबाईलकडे पाहिलंही नाही. "वाट न्हाई. पन मानसं हायती. भात झोडून झालंय, समदी मोकळीच बसल्यात. इर्जिक घालू." इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला सगळ्या वाडीने हात लावायचा आणि ज्याचं काम त्याने जेवण घालायचं. मी म्हटलं, जेवण मात्र आमचं. त्या नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. ऐकून घेतलं, नुसतं "बरं" म्हणाले.

ठरल्या दिवशी वाडीतली तीसेक माणसं रांगेने उभी राहिली आणि विटा हातोहात वर गेल्या. बायका वाळूची घमेली नेत होत्या. मीही नेली, हेही नेत होते. दुपारी मटणाचं कालवण आणि भाकरीची पंगत बसली. जेवता जेवता वाडीतल्या एकाने यांना विचारलं, "आमचंबी घर काढायचंय. कितीला कराल?"

त्याने बोट दाखवलेल्या जागेकडे यांनी मान वळवून पाहिलं. सवयीने आकडा तोंडात आला असणार. मग भरल्या पंगतीत म्हणाले, "भाव ह्या सांगत्यात. म्या निस्ता बांधतो."

मी हात धुतले आणि त्या माणसाला म्हटलं, "चला, आधी गाडी कुठवर येते ते दाखवा."