खुंट्याला बांधलेली मोटार

मोटारदादांना ओळखणारी माणसं आता फार उरली नसतील. पण ज्यांनी त्यांना पाहिलं, ते एक गोष्ट जन्मात विसरणार नाहीत. मोटारदादा रोज संध्याकाळी आपली मोटार गोठ्यात नेत आणि तिच्या पुढच्या बंपरला दावं घालून खुंट्याला बांधत. बैल बांधावा तशी. मी बोरी अरबला नर्स म्हणून नवीनच आले होते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

"दादा, हातब्रेक नाही का हिला?"

"हातब्रेक चाकाले धरते, बाई. दावं जिवाले धरते," ते म्हणाले आणि गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

त्यांचे आजे-पणजे लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालणारे. रेल्वे आली, बैलांचं काम गेलं, तांडा शेतीला लागला. दादांचं मन मात्र शेतात रमलं नाही. यवतमाळच्या एका कापूस-जिनिंगवाल्याची जुनी विलायती मोटार त्यांनी घेतली आणि टॅक्सी म्हणून चालवायला काढली. हिरवीगार, जाडजूड, नाकावर पितळेचं घुबड. त्या घुबडाला भिऊन जिनिंगवाल्याच्या बायकोनं तिच्यात पाय ठेवायचं नाकारलं होतं म्हणे. दादा ते घुबड रोज राखेनं घासत आणि मोटारीला 'याडी' म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. अडलेल्या बाईला यवतमाळला न्यायचं तर आसपास ती एकच मोटार, त्यामुळे माझाही तिच्यावर जीव होता.

यवतमाळला सुट्या भागांचं एक दुकान होतं. तिथे भिंतीवर ती मोटार बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकाचं चित्र टांगलेलं. पांढऱ्या मिशांचा इंग्रज म्हातारा, मोटारीच्या पाठीवर हात ठेवून उभा. दादा दुकानात शिरले की आधी त्या चित्राला रामराम करत. "बापानं उभं केलं, पोरानं चालवलं. आपल्यासारखंच घर हाये थे," असं ते मला मोठ्या कौतुकानं सांगत.

साठ साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका बाळंतिणीला दवाखान्यात पोचवून आम्ही त्या दुकानात गेलो, तर भिंत रिकामी. दुकानदार म्हणाला, "दादा, तुमची कंपनी अमेरिकावाल्यानं घेतली. म्हाताऱ्यानं कारखाना, नाव, घुबड, समदं देऊन टाकलं. हे मॉडेल बंद होऊन राह्यलं."

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. दावं घरीच ठेवायचं, नाहीतर जनावराबरोबर घरची बरकतही जाते. परतताना अर्ध्या वाटेवर दादा एकदम म्हणाले, "नावबी देऊन टाकलं, बाई. दावंसुद्धा ठेवलं नाई त्यानं."

मी तशी फटकळ. आमच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, भुताखेतांना आणि शकुनांना माझ्याकडे थारा नव्हता. म्हटलं, "आम्हीही जुनं दावं तोडलंच ना दादा? काय बिघडलं? उलट माणसात आलो."

"तुमी आपल्या हातानं तोडलं. थे बेस केलं. हिले तं इकलं, अन् कोनी सांगतलंबी नाई."



पुढे एक भाग बदलावा लागला. नव्या मालकाचा छाप असलेला भाग आला, बसलाही नीट, पण मोटारीचा आवाज बदलला. ओळखीचं माणूस परक्या घरात बोलावं तसा. एकदा भर दुपारी मी गोठ्याशी गेले, तर बंद मोटार बारीक थरथरत होती आणि दावं ताणलेलं होतं. इंजिन गार होत असेल, असं मी स्वतःला समजावलं. घरी येऊन पाणी प्याले तेव्हा आठवलं, की त्या दिवशी मोटार बाहेर पडलीच नव्हती.

मग गिअर तुटला. तो भाग आता जगात कुणी बनवत नाही, असं दुकानदारानं सांगितलं. मोटार गोठ्यात धूळ खात पडली. पुढे राजूरच्या कोळशाच्या खाणीवरचा एक ठेकेदार आला. त्याला पाण्याच्या पंपासाठी इंजिन हवं होतं. दादांनी पुष्कळ दिवस नाही म्हटलं आणि शेवटी हो म्हटलं. ट्रकमागे बांधून नेताना त्यांनी बंपरचं दावं सोडून घेतलं. "मी तं दावं ठेवलं," असं तेव्हा ते सगळ्यांना सांगत होते.

त्यानंतर दादा रिकाम्या गोठ्यात दाव्याचं मोकळं टोक धरून बसू लागले. "ओढून राह्यली," म्हणायचे. मला त्यांची काळजी वाटू लागली. एका दुपारी त्यांची समजूत काढावी म्हणून मी ते टोक त्यांच्या हातातून घेतलं आणि नाडी पाहतात तसं बोटांत धरलं. मी जन्मभर नाड्या पाहिल्या आहेत, माझी बोटं मला फसवत नाहीत. दावं थरथरत होतं. दाराकडे, राजूरच्या बाजूला, हळूहळू ओढ लागत होती. मला भीती वाटली, अगदी सरळ भीती. तेवढ्यात दाव्याला एक हिसका बसला आणि ते माझ्या हातात लोळागोळा झालं.

"गेली," दादा म्हणाले.

आठवडी बाजाराला राजूरकडचा एक माणूस आला, तेव्हा कळलं. पंप नीट चालेना म्हणून ठेकेदारानं त्याच दुपारी घणानं इंजिन फोडून भंगारात घातलं होतं.

पुढे माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तर दादा गोठ्यातच बसलेले, दावं खुंट्याला तसंच. चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली. मी उठले तेव्हा त्यांनी दाव्यावरून हात फिरवला.

"त्या चित्रातल्या म्हाताऱ्याले मी उगाच बोल लावला, बाई," ते म्हणाले. "त्यानं दावं काहून ठेवलं नाई, थे मले आता समजलं."