गाडीच्या घशाला चकाकी

नातीच्या मोटारसायकलचा घसा मी घासून घासून आरशासारखा केला आणि तिची शर्यत जवळजवळ घालवली, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे म्हातारी शहाणी असेल अशा भरवशावर कुणी पुढे वाचायला नको. तेव्हा मी तरुण होते हो. अडुसष्ट वर्षांची. त्या वयात बाईला सगळंच येतं असं वाटतं. आता सत्तरी ओलांडल्यावर थोडी अक्कल आलीय; पण ती अडुसष्टची पोरगी आठवली, की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

घसा हा माझा शब्द. नात त्याला मॅनिफोल्ड म्हणते. वीतभरही नसलेली, अ‍ॅल्युमिनियमची वाकडी नळी. तिच्या एका तोंडाला कार्बोरेटर, दुसऱ्या तोंडाला इंजिन. हवा आणि पेट्रोल मिसळून तिच्यातून इंजिनाच्या पोटात जातं. एवढं मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं होतं, की ही नळी आहे, धातूची आहे आणि चकचकीत नाही.

गाडी यांची. हे गेले, गाडी राहिली. वडगाव रासाईला भीमेच्या काठावर आमची वस्ती, नदीपलीकडे दौंडचा मुलूख. शेवंतीची पाटी मांडीवर धरून मी या गाडीवर यांच्या मागे बसून दौंडच्या बाजाराला कितीदा गेले असेन. चढ आला की हे म्हणायचे, "उतर खाली, गाडीला दम लागलाय." मी उतरून पाटी डोक्यावर घेऊन मागून चालत यायची. वर पोहोचावं तर हे रुमालानं घाम पुसत बसलेले, जशी काही गाडी यांनीच खांद्यावर आणली!

यांच्यामागे गाडी गोठ्यात कडब्याला टेकून उभी होती. नातीनं ती बाहेर काढली. ही रांजणगावच्या एका कारखान्यात मशीनवर काम करते आणि घरी आली की मातीतल्या शर्यतींचे व्हिडिओ बघते. तिनं गाडीचे मडगार्ड काढले, गोट्यागोट्यांचे टायर चढवले आणि वरवंडच्या पुढं एका मोकळ्या रानात शर्यतीला उतरली. रानात मध्ये मातीचं टेकाड केलेलं. सगळ्या गाड्या त्यावरून उड्या मारत गेल्या. आमची अर्ध्यात घरघरली, थांबली आणि मागं मागं घसरत खाली आली. तेही माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, निमोण्याहून पाहुणे शर्यत बघायला बोलावले असताना. त्यातल्या एका मामांनी विचारलं, "मागं येण्याची बी शर्यत आस्ती का?"

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "ऐका. आता पुढच्या टायमाला गाडी टेकाडावर थांबली, तर तिथनंच भंगारवाल्याच्या टेम्पोत. टेम्पोत तरी चढंल ती."

नात पाना घेऊन बसली. यांची गाडी टेम्पोत आडवी पडलेली माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

शर्यत तोंडावर आली तेव्हा तिनं ती नळी काढून ओट्यावर ठेवली.

"काय करतीस गं?"

"आज्जे, गाडीला वारा पुरंना. वाट मोकळी करती." तिनं नळीचं तोंड दाखवलं. "ह्याचं तोंड बारकं, इंजिनाचं मोठं. तोंडाला तोंड जुळत न्हाई. मधी हा ओठ ऱ्हातो, वारा येऊन त्याला धडाकतो."

"म्हंजी तुझ्या आईचं आन् माझं."

"तुमची तोंडं जुळत्यात की. एकाच टायमाला चालू आस्त्यात."

आतून सुनेचं भांडं आपटलं. ऐकायला सगळं येतं तिला.

नातीनं कानशीनं तो ओठ काढला, आतल्या गाठी सारख्या केल्या, मग जाड पॉलिश पेपरनं नळी आतून फिरवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी ताटात ठेवली, वर फडकं टाकलं आणि कामाला जाता जाता म्हणाली, "आज्जे, ह्याला हात लावू नको हां."

आता माझं म्हणणं असं, की मी हात लावलाच नाही. मी फडकं लावलं.

झालं काय, ती गेल्यावर मी नळी उन्हात धरून आत बघितलं. आत सगळं मळकट, खरबरीत. पोरीनं काम अर्धवट टाकलं, दुसरं काय! मी नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई मी घासलेलं पितळी घंगाळ उन्हात धरायच्या आणि त्यात स्वतःच्या नथीचे मोती दिसतात का बघायच्या. दिसले नाहीत तर घंगाळ परत मोरीत. त्या घंगाळांतून आता कुणी अंघोळ करत नाही. पण फळीवरून उतरवून दर सणाला मी अजून घासते. अशा हातात मळकट नळी आली, तर हात गप्प बसतील का?

नळीत बोट जाईना. मग मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, तिला नातीच्या डब्यातला, धातूला चकाकी आणायचा साबण फासला, पट्टी नळीतून ओवली, नळी पायाच्या अंगठ्यांत धरली आणि ताक घुसळतात तशी पट्टी ओढायला लागले. इकडून तिकडं, तिकडून इकडं. सून दोनदा जेवायला बोलावून गेली. दुपारच्या चहाला नळीत बघितलं, तर माझाच डोळा माझ्याकडं बघत होता. सासूबाईंच्या नथीतले मोती सोडाच, त्यांच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसल्या असत्या.

नात आली. मी ताट ओवाळणीसारखं पुढं केलं. तिनं फडकं उचललं, नळी डोळ्याला लावली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मला वाटलं, पोरीला भरून आलं.

"आज्जे," ती हळूच म्हणाली, "हे तू केलंस?"

"मंग काय तुझ्या बापानं?"

तिनं जेवायचं स्टीलचं ताट आणून त्यावर ओल्या बोटांनी पाणी शिंपडलं. बारीक बारीक थेंब एकमेकांत मिसळले आणि ओघळून गेले.

"बघ. पेट्रोल वाऱ्यासंगं धुक्यावानी आत गेलं पायजे. भिंत गुळगुळीत आसली की ते तिला धरून बसतं, त्याचे थेंब होत्यात, ओघळतं. मंग इंजिनाला धुकं मिळायच्या जागी घोट मिळतो."

"म्हंजी ठसका लागतो."

"आगदी. म्हणून आत थोडं खरबरीत लागतं. मी मुद्दाम तसं ठेवलं हुतं. चकाकी सायलेन्सरच्या बाजूला चालती, तिथनं नुसता धूर जातो."

तेवढ्यात मुलगा दारात आला. त्यानं नळीत डोकावून केसांवरून हात फिरवला. "आई, भांग पाडायला बरी झाली. भंगारवाल्याला फोन लावू का शर्यतीनंतर लावू?"

मला हसावं का रडावं कळेना. परवा शर्यत, उद्या नातीला कामावर जायचं, आणि यांची गाडी माझ्याच हौसेपायी टेम्पोत जायची! मी म्हटलं, "चकाकी मी चढवली, मीच उतरवीन. किती खरबरीत पायजे तेवढं सांग."

नातीला सांगता येईना. पेपर दाखवला, मोबाईलवर फोटो दाखवला. फोटोला हात लावून काय कळणार? शेवटी म्हणाली, "बोटाला धरलं पायजे, पण ओरबाडाया नको. सगळीकडं सारखं. खाचा नकोत."

"वासराच्या जिभेवानी?"

ती माझा हात धरून मला गोठ्यात घेऊन गेली. आमचं वासरू तेव्हा दुधाचं होतं, समोर येईल ते चाटायचं. नातीनं त्याच्यापुढं हात धरला, त्यानं मनगटापर्यंत चाटून काढला. ती डोळे मिटून उभी होती, देवळात असल्यासारखी.

"व्हय!" ती ओरडली. "आसंच! आज्जे, आगदी आसंच!"

दुसऱ्या दिवशी मी काडीला जाड पेपर गुंडाळून बसले. जन्मभर भांड्यांची चकाकी वाढवली, आता उतरवायची. हाताला पटेना. हात पुन्हा पुन्हा मऊ फिरायला बघे, मी त्याला दटावी. थोडं घासायचं, नळीत बोट फिरवायचं, मग गोठ्यात जाऊन वासराला गुळाचा खडा चारायचा, तेच बोट चाटवून घ्यायचं, परत येऊन नळीत बोट. असं दिवसभर. वासराची चैन झाली. मुलगा आडवा गेला.

"आई, त्याला काय विचारतीस येवढं?"

"तुला विचारून कळंना म्हणून त्याला विचारती."

संध्याकाळी नातीनं नळीत बोट घातलं. लगेच नळी गाडीला बसवायला घेतली. मग किक मारली. पूर्वी गाडी खोकायची, आता तिनं आधी घसा खाकरला आणि मग एकसुरी बोलायला लागली. वासरू गोठ्यातून हंबरलं. मी म्हटलं, आपली जीभ कामी आली हे त्यालाही कळलं.

शर्यतीला मला प्लास्टिकची खुर्ची मिळाली आणि सुनेचा गॉगल. निमोण्याचे मामा पुन्हा आले होते. असल्या गोष्टी ते चुकवत नाहीत. मुलगा दोरीपाशी हाताची घडी घालून उभा. झेंडा पडला आणि धुळीत कोण कुठं काही दिसेना. मग टेकाडाच्या पायथ्याशी नातीचं पिवळं हेल्मेट दिसलं. गाडी चढाला लागली. आवाज जड झाला, अर्ध्यात आली, मागच्या वेळी थांबली होती तिथंच आली, आणि माझ्या कानात हे बोलले, "उतर खाली, गाडीला दम लागलाय."

मी खुर्चीवरून उठले. खरंच सांगते, तेवढंच गाडीवरचं वजन कमी व्हावं म्हणून उठले. सून म्हणाली, "आवो आत्याबाई, काय झालं?" मी कुठली सांगते!

गाडी थांबली नाही. आवाज एकदा बारीक झाला, मग भरून आला, आणि पिवळं हेल्मेट टेकाडावरून उडालं आणि पलीकडं नाहीसं झालं. ती पहिली आली नाही, दुसरीही नाही. पाच-सहा पोरं तिच्या पुढं होती. पण प्रत्येक फेरीला ती टेकाड चढली, आणि प्रत्येक वेळी मी खुर्चीवरून उठले.

सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं? माझा मुलगा. हाताची घडी केव्हाच सुटली होती, टोपी मामांच्या डोक्यावर गेली होती, आवाज बसला होता. शर्यत संपल्यावर तो माझ्यापाशी आला, खुर्चीजवळ मातीत उकिडवा बसला, घामेजलेलं तोंड माझ्या पदराला पुसलं आणि बसलेल्या आवाजात म्हणाला, "आई, भंगारवाल्याला येऊ दे उद्या, त्याला तुझी ती चकचकीत घंगाळं देऊ, गाडी ऱ्हाऊ दे."