पाणसळमिस्त्रींच्या घरातला खेळ

लाद्या बसवणारे मिस्त्री त्या गल्लीत आणखी तिघे होते, पण पाणसळमिस्त्री एकच. पाणसळ म्हणजे ती छोटी पट्टी, जिच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला की समजायचं, जागा सपाट आहे. ती मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात कायम असे. कुणाकडे चहाला गेले तरी ती आधी टेबलावर ठेवून बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. बुडबुडा सरकला की ते बोलत काहीच नसत, नुसते हसत. घरची बाई नाक मुरडायची आणि हे गेल्यावर गुपचूप टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायची.

पस्तीस वर्षं उकिडवं बसून त्यांनी लोकांची घरं सपाट केली आणि शेवटी उजव्या गुडघ्याने हात टेकले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ बंदी घातली. त्याला आता तीन वर्षं झाली होती. गुडघा गेला, पण तोरा गेला नाही. का जावा? त्यांच्या हातची एकही लादी पोकळ निघाली नाही, अशी त्यांची ख्याती होती. लादीखाली सिमेंट-वाळूचा माल नीट भरला नसेल तर वर थापीची मूठ ठोकल्यावर बद्द आवाज येतो, भरला असेल तर खणखणीत. मिस्त्री डोळे मिटून नुसत्या कानाने अख्खी फरशी तपासत.

एक लादी मात्र होती, आणि ती त्यांच्याच घरात. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या पुढच्या खोलीची फरशी स्वतः केली होती. निरनिराळ्या कामांवर उरलेल्या लाद्या गोळा केलेल्या, त्यामुळे एकीचं तोंड दुसरीशी जुळत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी शेवटची एकच लादी उरली आणि आतून बायकोने हाक मारली, आता निघायलाच हवं. मिस्त्रींनी हाताला आला तेवढा माल खाली थापला, लादी ठेवली आणि गाडी शोधायला धावले. संध्याकाळी लेक झाली. दोन दिवसांनी घरी येऊन बघतात तर लादी घट्ट बसलेली आणि ठोकली की बद्द. ती उपटायची तर शेजारच्या दोन फुटणार, म्हणून त्यांनी तिच्यावर पायपुसणं टाकलं. पुढे ते पायपुसणं फाटलं, बदललं, पण जागचं हललं नाही. मिस्त्र्याच्या घरात पोकळ लादी, ही गोष्ट बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं ते धरून चालले होते.

त्या संध्याकाळी झालेली लेक आता व्हीआरचा खेळ बनवत होती. डोळ्यांवर जाडजूड हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत मुठीसारखं एकेक यंत्र धरायचं, की आपली खोली नाहीशी होते आणि भलतंच जग दिसू लागतं. त्यासाठी तिने वर्षापूर्वी चांगली नोकरी सोडली होती. तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून बनवलेल्या खेळाला दोन कंपन्यांनी नाही म्हटलं होतं. तिसऱ्या कंपनीची माणसं शनिवारी सकाळी दहाला घरी येणार होती, कारण खेळ साध्या घरातल्या साध्या खोलीत चालतो का, हेच त्यांना बघायचं होतं. इथेही नाही झालं तर एक तारखेपासून लेक जुन्या नोकरीवर परत जाणार होती. हे तिने आईला सांगितलं आणि आईने मिस्त्रींना.

खेळ कसला आहे, असं विचारलं की लेक म्हणायची, झाला की बघा. मिस्त्रींनी आपलं ठरवून टाकलं की राक्षस मारायचे असणार. बायको म्हणाली, राक्षसांचं माहीत नाही, पण पोरगी मध्यंतरी दाराशी बसून काहीतरी टकटक करत होती. मिस्त्रींनी ते कानाआड केलं.

चार दिवस मैत्रिणीकडे शेवटचं काम करायला जाताना लेक खोलीचं सांगून गेली. मधली जागा पूर्ण मोकळी हवी, आरसा नको, हाताला लागेल असं काही नको. मिस्त्रींनी तिच्यासमोर नुसती मान डोलावली, मनातून मात्र ते फुलून गेले होते. तीन वर्षांनी कुणीतरी त्यांना काम सांगितलं होतं. सोफा आतल्या खोलीत गेला, आरशाचं कपाट शेजाऱ्यांकडे गेलं, टीव्ही भिंतीवर चढला आणि त्याची वायर भिंतीच्या कडेकडेने अशी गेली की शोधून सापडू नये. मग डोळ्यांवर टॉवेल बांधून, दोन्ही हातांत आमटी वाढायचा एकेक डाव घेऊन मिस्त्री मधोमध उभे राहिले आणि चारी बाजूंना हात फिरवून बघू लागले. तिसऱ्या फेरीत छतावरून लोंबणारा दिवा फुटला. बायको दारात आली, काचा बघितल्या, टॉवेल बघितला, आपले डाव ओळखले आणि केरसुणी आणायला गेली. दिवा काढून टाकायचा, एवढं मात्र त्यातून कळलं.

इथे थांबायला हवं होतं. पण घरी मोठी माणसं येणार आणि पाणसळमिस्त्रींची फरशी मळकट? ते बुटक्या स्टुलावर बसले, उजवा पाय पुढे पसरला आणि पॉलिशचे दगड काढले. आधी जाडा दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी मेण. स्टूल एकेक लादी पुढे सरकत होतं आणि दोन दिवस बायको वैतागून त्यांना गरम पाण्याची पिशवी आणून देत होती. शुक्रवारी सकाळी फरशीत बघून भांग पाडावा इतकी ती चमकली.

दुपारी लेक आली. बाबा, ही आपलीच फरशी का, म्हणाली आणि त्यांना मिठी मारली. मग हेडसेट चढवला. पाच मिनिटांनी काढला, पुसला, पुन्हा चढवला. खिडकीचा पडदा ओढला, पुन्हा उघडला. हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

मिस्त्रींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. हेडसेटला बारीक कॅमेरे असतात, ते खोली बघून आपण कुठे आहोत ते ओळखतात. आता त्यांना खिडकी भिंतीतही दिसत होती आणि फरशीतही. त्यामुळे खेळातली जमीन मधेच खाली जात होती, हात एकीकडे आणि थाप दुसरीकडे पडत होती. दोष कुणाला देत नाही अशा बेताने ती बोलत होती, आणि त्याचंच मिस्त्रींना जास्त लागलं. ती म्हणाली, सतरंजी टाकू. मिस्त्री म्हणाले, मेण लावलेल्या फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर डोळे झाकलेला माणूस, म्हणजे कंपनीची माणसं इथून थेट दवाखान्यात.

मग त्यांनी फरशीवरून एकदा नजर फिरवली. इतकी चकाकी त्यांनी पैसे घेऊनही कुणाला काढून दिली नव्हती. ते उठले आणि पिशवीतून सगळ्यात जाडा दगड काढला.

"बादली भर," ते म्हणाले.

"बाबा, नको. दोन दिवस घासलीत तुम्ही."

"चमक पुन्हा आणता येईल. उद्याचा दिवस पुन्हा आणता येणार नाही. भर बादली."

जिवावर आलं होतं, पण हात थांबला नाही. ते स्टुलावर आणि लेक गुडघ्यांवर, अशी दोघं खिडकीपासून आत सरकत गेली. तिच्या दगडाच्या आवाजावरून ते न बघता सांगत होते, कडेला जोर कमी, पाणी घे. दिवेलागणीपर्यंत फरशी मंद झाली. लेकीने हेडसेट चढवला, दोन पावलं टाकली, वाकली, वळली. जमीन जागेवर होती. इतकंच नाही, ती म्हणाली की प्रत्येक लादी वेगळी असल्यामुळे कॅमेऱ्यांना उलट खुणा सोप्या पडताहेत, एकसारख्या फरशीवर इतकं चांगलं चाललं नसतं.

"अठ्ठावीस वर्षं मी हिला ठिगळं म्हणतेय," बायको म्हणाली. "आवडली शेवटी कुणाला तर यंत्राला."

शनिवारी दहाला कंपनीच्या एक वडीलधाऱ्या बाई आल्या आणि त्यांच्याबरोबर दाढीवाला सहकारी. बाईंनी हेडसेट चढवला. त्यांना जे दिसत होतं ते टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात, पायपुसण्यावर उभे राहून राक्षसाची वाट बघत होते. राक्षस आला नाही. आली एक रिकामी खोली, तीच खिडकी, तेच दार, खाली नुसती माती. कोपऱ्यात लाद्यांची चळत, माल आणि एक थापी. मिस्त्रींनी चौकट घट्ट धरली.

बाईंनी लाद्या बसवल्या, थापीने ठोकल्या, रांग पुरी केली. मग खेळात कपाट आलं आणि त्याच्या वजनाने रांगेतली एक लादी तडकली. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तडकली. दाढीवाल्याने करून बघितलं, त्याचीही तडकली. खेळातच काही चूक आहे का, असं त्याने विचारलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. चूक नाही, खेळच मुद्दाम एक लादी पोकळ ठेवतो, तडकायच्या आधी ती ओळखता येते, लेक म्हणाली आणि दाराकडे वळली.

"बाबा, तुम्ही बघता?"

मिस्त्री कसनुसे हसले. "मला खाली बसता येत नाही, माहीत आहे ना तुला."

"बसायचं नाही. फरशी वर येते." तिने एक बटण दाबलं आणि टीव्हीतली जमीन कमरेइतकी उंच झाली. "सगळ्यात आधी मी हेच बनवलं होतं. बाकीचा खेळ मागून."

मिस्त्रींनी हेडसेट चढवून घेतला. समोर त्यांची खोली होती, कोरी, कामाला लागायच्या आधीची. त्यांनी थापी उचलली. तीन वर्षांनी ते उभे राहून, गुडघ्याला न विचारता, लाद्या लावू लागले. त्यांचे हात इतके भराभर चालले की दाढीवाल्याने वही मिटली. रांग झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि एकेकीवर मूठ ठोकत गेले. खणखणीत, खणखणीत, खणखणीत. पाचवी बद्द बोलली.

त्यांनी ती पुन्हा ठोकली. मग तिसऱ्यांदा. हजारात ओळखू आला असता असा तो आवाज होता.

"ही आपल्या दारातली," मिस्त्री म्हणाले.

"हो," लेक म्हणाली. "रांगत होते तेव्हापासून ओळखते मी तिला."

त्यांनी हेडसेट काढला. डोळे ओले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. दारातली म्हणजे कुठली, असं बाईंनी विचारलं. टाळायचं असतं तर टाळता आलं असतं. मिस्त्री लंगडत दाराशी गेले आणि पायाने पायपुसणं बाजूला सारलं.

"माझ्या हातची पोकळ लादी ही एकच," ते म्हणाले. "घाईत बसवली. त्या दिवशी ही पोरगी व्हायची होती."

बाई खाली बसल्या आणि बोटाच्या पेराने ती लादी वाजवली, मग शेजारची, मग पुन्हा ती. नंतर स्वतःहून हेडसेट मागून घेतला, डोळे मिटून रांग तपासली आणि पोकळ लादी बरोबर उचलली. तडकलं काहीच नाही. कान तयार करणारा खेळ आपण पहिल्यांदाच बघतोय, असं म्हणून त्यांनी तिथेच होकार दिला. कागदपत्रं पाठवते, फक्त तो आवाज कुणी बदलू नका, एवढं जाता जाता बजावलं.

संध्याकाळी बायकोने पायपुसणं धुऊन वाळवलं आणि सवयीने दाराशी टाकायला गेली. मिस्त्रींनी ते तिच्या हातातून घेतलं आणि बाहेरच्या दाराशी नेऊन टाकलं. आता घरी कुणी आलं की चहाच्या आधी मिस्त्री त्याला आत नेतात, ती लादी वाजवून दाखवतात आणि लेकीची जन्मतारीख सांगतात.