घासून गुळगुळीत केलेले जोड

१. सकाळी दहाला भावाबरोबर त्याची शर्यतीची जीप पाहायला होसकोटेच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिचा रोल केज, म्हणजे जीप उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पोलादी सांगाडा, मी डिझाइन केला होता.
२. पाइप सांगितलेलाच होता. वाकवलेल्या जागी तो कुठेही चेपलेला नव्हता.
३. वेल्डिंगचे सगळे जोड मात्र ग्राइंडरने घासून, पुट्टी भरून, वर काळा रंग मारलेला होता.

मंडळी, जोडावरच्या ज्या धातूने ताकद येते, तोच घासून टाकला होता.

वेल्डर अण्णा खुशीत म्हणाले, "अक्का, हात फिरवून बघा, जोड सापडणार नाही."

ते एरवी गेट आणि ग्रिल बनवतात. तिथे खडबडीत जोड गिऱ्हाईक परत पाठवतं. माझ्या ड्रॉइंगवर प्रत्येक माप होतं. 'जोड घासू नयेत' हे मात्र लिहिलेलं नव्हतं.

भावाला म्हटलं, "रविवारी शर्यतीला जाऊ नकोस."

"ताई, मी उलटणारच नाही. तू तुझ्या ड्रॉइंगपाशी खोडरबर घेऊन बस." तो जीप घेऊन गेला.

रंगाखाली किती धातू उरलाय, हे मला सांगता येत नाही. त्यामुळे केज मोडेल असं त्याला सिद्ध करून दाखवता येत नाही, आणि टिकेल असंही म्हणवत नाही. दुपारपासून तीच आकडेमोड करते आहे.

रंग उतरवून हे जोड शनिवारी पुन्हा वेल्ड करून देणारं किंवा भावाला थांबवू शकेल असं कुणी माहीत असेल, तर कृपया शुक्रवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.