संत्र्याचं पाणी

देवळीच्या बाजारात आमचं किराणा दुकान आहे, आणि त्यात फरशी पुसायच्या रंगीत बाटल्यांची अख्खी फळी आहे. त्यातली एक बाटली मी कधी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. नवरा म्हणायचा, दुकानदाराच्याच घरी दुकानातला माल चालत नाही. मी म्हणायचे, तो गिऱ्हाइकांसाठी आहे.

माझं सगळं घरातूनच निघतं. ओटा तांदळाच्या धुवणानं पुसायचा. पिळलेल्या लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन सिंक घासायचं. मोरीच्या जाळीत खायचा सोडा टाकून वरून उकळतं पाणी ओतायचं, त्याच सोड्याची एक वाटी फ्रीजमध्ये उघडी ठेवायची. फडकी म्हणजे नवऱ्याची जुनी बनियनं. आणि फरशीला संत्र्याचं पाणी. हिवाळ्यात गल्लीभरातून सालं गोळा करायची, गूळ-पाणी घालून बरणीत मुरत ठेवायची, रोज झाकण सैल करून आतली हवा सोडायची. उन्हाळा लागला की गाळून घ्यायचं आणि वर्षभर बादलीत थोडं थोडं टाकायचं. गूळ किती घालायचा हे मला कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. झाकण उघडून वास घ्यायचा, आणि वाटलं तर आणखी एक खडा टाकायचा. माप माझ्या नाकात होतं.

मग एका दिवाळीनंतर मला ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. फोडणी, मोगरा, रॉकेल, कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो काही आला नाही. त्या हिवाळ्यात संत्र्याचं पाणी मी अंदाजानंच घातलं.

रोज सकाळी फरशी पुसून झाली की मी नवऱ्याला विचारायचे, "वास येऊन राह्यला का?"

"येते ना," तो म्हणायचा. "संत्र्याचा. मस्त."

जुनं पाणी होतं तोवर ते खरंही असेल. मला तेवढं पुरायचं. माझं नाक गेलं असलं तरी माझ्या घराला वास आहे, असं वाटून मी आंघोळीला जायचे. उन्हाळ्यात नवं पाणी काढलं तेव्हा शेजारणींनाही बाटल्या भरून दिल्या. त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या. एक तर म्हणाली, "काकू, तुमच्या पाण्याची सर दुकानातल्याले नाई." मी फुलून गेले.

पावसाळ्यात माझी धाकटी बहीण पवनारहून आली. निघताना तिला बाटली भरून द्यावी म्हणून मी बरणी काढली. झाकण उघडलं तशी ती पदर नाकाला लावून मागं सरकली.

"अवं बाई, काय सडून राह्यलं हे? उंदीर पडला का याच्यात?"

"संत्र्याचं पाणी आहे," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे. "भाऊजी, तुमाले वास नाई येत?"

नवरा चहा पीत होता. त्यानं कपातून वर पाहिलंच नाही, आणि मला सगळं कळलं.

गव्हाच्या कोठीमागं फरशी पुसायची रंगीत बाटली निघाली, आमच्याच दुकानातली, अर्धी संपलेली. मी आंघोळीला गेले की हा गृहस्थ, जो जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत नाही, खाली बसून माझी पुसलेली फरशी पुन्हा पुसायचा. शेजारणींनाही त्यानंच सांगून ठेवलं होतं, घेऊन घ्या, मग फेकून द्या. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मी एकटीच बाटल्या वाटत हिंडत होते.

"काऊन नाई सांगितलं मले?"

"तुले वाईट वाटलं असतं."

वाईट तर आता वाटत होतं. पाणी बिघडलं याचं मला काहीच नव्हतं, गूळ कमी पडला असेल, ओतून दिलं असतं. पण मी रोज याचं नाक उसनं घेत होते, माझ्याजवळ दुसरं नव्हतं, आणि यानं रोज हसत हसत केसानं गळा कापला. संताप इतका होता की रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

"उद्या गॅस सुटला तरी म्हणसाल, संत्र्याचा वास येते," मी म्हटलं.

बहिणीनं बरणी मागच्या नालीत रिकामी केली.

यंदा हिवाळ्यात मी पुन्हा सालं घातली. गूळ या वेळी दुकानाच्या काट्यावर तोलून घेतला. उन्हाळा लागल्यावर बहिणीला मुद्दाम बोलावून वास घ्यायला लावला, तिनं बरणीत नाक घालून सांगितलं, आता बरोबर आहे. तिच्यासमोरच पाणी गाळलं आणि ती पवनारला गेली.

दुसऱ्या दिवशी मी फरशी पुसली. विचारणं मी केव्हाच सोडलं होतं. नवरा दारात उभा होता, आपणच म्हणाला, "आज खरंच संत्र्याचा वास येऊन राह्यला."

मी फडकं बादलीत टाकलं, ओट्याशी गेले आणि गॅसची बटणं एकेक करून हातानं चाचपली. मग खाली वाकून सिलिंडरचंही पाहिलं.