सहा वाजता यादीत येणारं सातवं नाव

या पानावरचे इतरांचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसलेलो आहे, हे आधीच कबूल करतो. कंपनीत मेंटेनन्सला अठरा वर्षं काढली. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, सापडायला वेळ लागतो एवढंच... असं मानणारा मी माणूस. खाली जे लिहितोय त्याचं कारण मला सापडलेलं नाही. पण ते लिहायचं तर आधी मी काय केलं ते लिहावं लागेल. आणि तेच आजवर पूर्ण कुणाला सांगितलं नव्हतं.

आमची वस्ती तळेगाव ढमढेरेच्या पुढं, न्हावऱ्याच्या रस्त्याला. आजोबा होते तोवर घरात मेंढरं होती. आता ऊस आणि कांदा. शेजारच्या दोन खोल्यांत माझे चुलते राहायचे — आप्पा. चुलती लवकर गेली. एकच मुलगी, छाया, दौंडला दिलेली. छायाला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. आप्पांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बापलेकीचं सगळं बोलणं हातांचं, त्या दोघांनीच मेंढरांमागं फिरताना बनवलेल्या खुणांचं. मेंढरं मोजायची खूण म्हणजे एकेका बोटाला हात लावायचा. ‘किती?’ म्हणजे मूठ उघडायची.

आमच्याकडं वाय-फाय आलं तसं आप्पांच्या नेटपॅक नसलेल्या फोनलाही मी ते जोडून दिलं. रोज संध्याकाळी सहाला ते आमच्या भिंतीला टेकून बसायचे आणि व्हिडिओ कॉल लावायचे. पंधरा-वीस मिनिटं नुसते हात चालायचे. मधेच मोठ्यानं हसायचे.

राउटरच्या खाली स्टिकर असतं. त्यावरचा आकडा ब्राउझरमध्ये टाकला, पासवर्ड दिला की सेटिंगचं पान उघडतं. कुठले फोन जोडलेले आहेत त्याची यादी तिथं दिसते. मी हौसेनं प्रत्येकाला नाव दिलं होतं : मी, बायको, दोन्ही पोरं, टीव्ही, कॅमेरा आणि आप्पा. सात. आप्पांना ती यादी दाखवली तेव्हा ते म्हणाले, “म्हंजी ह्यो तुझा वाडा म्हण की!” मेंढरं रात्री कोंडायचं जाळीचं कुंपण, त्याला आमच्यात वाडा म्हणतात. तेव्हापासून रोजची थट्टा सुरू झाली : “काय रं, समदी आली का वाड्यात? एखादं भाईर ऱ्हायलं न्हाई न्हवं?”

जत्रेसाठी त्या वर्षी बोकड मी आणला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो बघून. भावकी जमलेली असताना आप्पांनी त्याचं तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले, “आरं, ह्यो तर तुझ्या वयाचा हाय! शिजंस्तोवर पुढची जत्रा यील. दात बघायचं सोडून मोबाइल बघून आणलास व्हय?” सगळे हसले. माझा मुलगाही हसला.

एवढंच. एवढ्याच गोष्टीवर मी त्या दिवशी दुपारी घरी येऊन ते पान उघडलं, आप्पांच्या नावापुढचं ब्लॉक दाबलं, आणि पान बंद केलं.

वाटलं होतं एक-दोन दिवस ठेवू. जत्रा झाल्यावर बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती, घरात मी एकटाच. तिसऱ्या दिवशी आप्पा फोन घेऊन आले.

“बघ की रं, काय झालंय त्येला. छाया दिसंना.”

मी फोन हातात घेतला. इकडंतिकडं बोट फिरवलं. “जुना झालाय आप्पा. शिरूरला दाखवावा लागंल.”

“आन् तवर?”

“बघू.”

माझा फोन माझ्या खिशात होता. त्यावरून लावून देता आला असता. दिला नाही... हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. साधा फोन लागत होता, जावयांशी त्यांचं बोलणं व्हायचं. पण जावयांशी बोलणं म्हणजे छायाशी नव्हे. तरी ते सहाला भिंतीपाशी येऊन बसायचेच. मी आतून बघायचो. आता उठून ब्लॉक काढला तर हे मीच केलं होतं ते लगेच कळेल, असं वाटायचं, आणि बसून राहायचो.

दहाव्या दिवशी सकाळी आप्पा मला न सांगता दौंडला निघाले. न्हावऱ्यापर्यंत जीपनं गेले. तिथं एसटीची वाट बघत उभे असताना कोसळले. डॉक्टर म्हणाले, हार्ट ॲटॅक, घरी असते तरी हेच झालं असतं. असेलही. हातातला फोन पडून फुटला होता.

दशक्रियेला कावळा लगेच शिवला. “सुखानं गेला म्हातारा, काय ऱ्हायलं न्हवतं त्येचं,” लोक म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. मी मान खाली घालून उभा होतो.

त्याच दिवशी संध्याकाळी, निदान तो ब्लॉक तरी काढावा म्हणून मी पान उघडलं. ब्लॉकची यादी रिकामी होती. घरात हे पान दुसरं कुणी उघडत नाही, पासवर्डही फक्त माझ्याकडं. जोडलेल्यांची यादी बघितली. सात नावं. सातवं, आप्पा. घड्याळात सहा वाजून दोन मिनिटं.

दशक्रिया आटपून दौंडला परतलेल्या जावयांना फोन लावला. “दाजी, आप्पांचा फोन कुठाय?”

“हितंच हाय की, कपाटात. छायानं ठेवलाय. चालू हुतोय कुठं त्यो, पार चुरा झालाय. का वो पाव्हणं?”

“काय नाही. असंच.”

वीसेक मिनिटांनी नाव गेलं. दुसऱ्या दिवशी सहाला परत आलं. तिसऱ्या दिवशी मी वाय-फायचा पासवर्ड बदलला, तरी आलं. इंटरनेटवाला पोऱ्या म्हणाला, “काका, जुनी नावं राहतात कधीकधी मेमरीत.” मला पटलं. पटवून घेतलं. मी त्याच्याकडून बॉक्सच बदलून घेतला — नवाकोरा. त्यावर कुणालाच नाव दिलं नाही. यादीत नुसते मोबाइल कंपन्यांचे शब्द आणि आकडे. सहा ओळी. सहा वाजता सातवी आली. तिच्यावर मी कधीच टाईप न केलेलं नाव होतं : आप्पा.

भीती वाटली का? नाही. भीती बरी, असं वाटलं. कुणीतरी माझं चोरलेलं उघड्यावर आणून ठेवावं तसं झालं.

रविवारी दौंडला गेलो. अंगणात जावयांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आता कशाला सांगायचं तिला? माणूस गेला. जाऊ द्या.” छाया दारात उभी राहून आमच्या तोंडांकडं बघत होती. जावई खुणा करेनात, म्हणून मीच केल्या. माझा फोन धरला, आप्पांच्या मिशीची खूण केली, तो दुसऱ्या हातानं झाकला, आणि तो हात माझ्या छातीवर ठेवला. मी केलं.

तिला कळलं. तिनं मूठ पुढं केली आणि उघडली. किती?

नऊ दिवसांची नऊ बोटं मी वर केली.

तिनं ती मोजली. एकेका बोटाला हात लावून, सावकाश, आप्पा मेंढरं मोजायचे तशी. नऊ झाल्यावर दुमडलेल्या दहाव्याकडं बघितलं आणि आत गेली. परत बाहेर आली नाही. अजून ती माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्यात काही म्हणायचं नाही.

त्या दिवशी सहाच्या आत घरी पोचलो. पान उघडलं. सहा ओळी. सव्वासहा, साडेसहा... सहाच. त्यानंतर सातवं कधी आलं नाही.

ते का येत होतं, सांगता येत नाही. का थांबलं, तेही नाही. आप्पा शांत झाले म्हणायला मला तोंड नाही. संध्याकाळी सहाला मी अजून ते पान उघडतो आणि मोजतो. एक बाहेरच असतं.