भोंगा कुणी ऐकला?

त्याचं खरं नाव गावात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळे त्याला भोंग्या म्हणत आणि तोही खुशाल ओ देई. धक्क्याच्या टोकाला टेहळणीचा मनोरा होता, मनोऱ्यावर हँडल फिरवून वाजवायचा भोंगा होता, आणि तो वाजवायचा मान एकट्या त्याचा. समोरच्या खडकांभोवतीचं पाणी अध्यक्षांनी मासेमारीला बंद केलं होतं. तरंगत्या लाल पिंपांच्या आत होडी शिरली की भोंगा वाजायचा, आणि भोंगा वाजला की त्या घरचं जाळं गेलंच म्हणून समजा.

अध्यक्ष म्हणजे मच्छीमार सोसायटीचे. बर्फ त्यांचा, डिझेल त्यांचं, लिलावही त्यांच्याच शेडमध्ये. अशा माणसाने पाणी बंद म्हटलं की पाणी बंद. एक मात्र कबूल करायला हवं, नाहीतर जीभ झडेल: उपाय लागू पडला. खरवडून ओसाड झालेल्या त्या खडकांत मासळी पुन्हा अंडी घालू लागली आणि पिंपांच्या बाहेरच्या जाळ्यांतही बरं काही लागू लागलं. वाईट माणसाच्या हातून चांगलं काम झालं की त्याच्याविरुद्ध बोलायची मोठी पंचाईत होते.

शिक्षाही अध्यक्षांनी स्वतःच शोधून काढली होती. पकडलेल्या होडीचं जाळं धक्क्यावर आणायचं आणि त्या घरच्या बाईने, ज्या हातांनी ते विणलं त्याच हातांनी, सगळ्यांदेखत कापायचं. ढिलं जाळं सुरीला दाद देत नाही, कुणीतरी ते ताणून धरावं लागतं. ते काम भोंग्या करी, आणि मन लावून करी. अध्यक्ष त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हा आहे म्हणून समुद्र आहे." मग गड्याचे पाय जमिनीला लागत नसत.

एकदा त्याच्या थोरल्या भावाचीच होडी पिंपांच्या आत आली. इंजिन बंद पडलं होतं, पाण्याची ओढ होडीला आत नेत होती, जाळं पाण्यातच होतं, आणि दादा अंगातला शर्ट काढून हलवत होता. भोंग्याला दुर्बिणीतून सगळं स्वच्छ दिसलं. त्याने हँडल फिरवलं. "सख्ख्याला सोडलं तर परक्याला कुठल्या तोंडाने धरू?" असं तो नंतर ज्याला त्याला सांगत सुटला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि त्याची पाठ फिरताच म्हणाले, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

जाळं वहिनीने कापलं. आई गेल्यावर हिनेच त्याला भरवून लहानाचा मोठा केला होता. ती खाली बसून कापत होती आणि हा ताणून धरत होता. एकदा सुरी अडली तर म्हणतो कसा, "वहिनी, गाठीजवळ नको, मधे काप." मदत करत होता बिचारा!

जाळं गेल्यावर दादा अध्यक्षांच्याच बर्फाच्या कारखान्यात लागला. बर्फ फोडायच्या मशीनने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. भोंग्या भेटायला गेला तर वहिनी दारातच उभी.

"दादाला बघू दे की."

"बघायला दुर्बीण आहे ना तुझ्याकडे?"

"वहिनी, नियम सगळ्यांना सारखा असतो."

"सारखा? मग अध्यक्षाच्या होडीवर भोंगा वाजवशील ना, त्या दिवशी ये. ताट वाढते तुला."

दार लागलं. तेव्हापासून भोंग्या आपल्या खोलीत स्टोव्हवर काहीतरी शिजवायचा, गिळायचा आणि दुर्बिणीला डोळा लावून बसायचा. त्या दाराच्या आत पुन्हा एकदा जेवायला बसायचं, एवढंच त्याला हवं होतं.

पुढे समुद्र राखल्याबद्दल अध्यक्षांना मोठं बक्षीस मिळालं आणि ते द्यायला शहरातून पाहुणे आले. त्याच सकाळी अध्यक्षांची होडी, सुकाणूवर जावईबापू, थेट पिंपांच्या आत शिरली आणि भर उजेडात जाळं टाकून बसली. मासे वाचवल्याचं कौतुक करायला आलेल्यांना तेच मासे खाऊ घालायला नकोत? भोंग्याने दुर्बीण पुसून पुन्हा डोळ्याला लावली. पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणतात, इथे तर गाठ देवमाशाशी होती. पण वहिनीचं दार डोळ्यांसमोर आलं आणि त्याने हँडल फिरवलं, दंड भरून येईपर्यंत फिरवलं. धक्क्यावरची कुत्रीसुद्धा भुंकत उठली.

पाहुणे जेवून गेल्यावर अध्यक्षांनी सगळ्यांना लिलावाच्या शेडमध्ये बोलावलं. आवाज जराही चढवला नाही.

"सकाळी भोंगा वाजवला असं हा म्हणतो. कुणी ऐकला?"

कुणी पायाकडे बघितलं, कुणी छपराकडे. एकाने वारा उलटा होता म्हणून सांगितलं. ज्यांच्या बायकांनी रडत जाळी कापली होती तेही म्हणाले, छे, आम्ही नाही बुवा ऐकला. ज्याला उद्या बर्फ हवा होता त्याला आज ऐकू आलेलं नव्हतं. शेवटी दादाची पाळी आली. भोंग्याने जीव डोळ्यांत आणून त्याच्याकडे पाहिलं. दादाने उजवा हात खिशात घातला.

"मशीनचा आवाज फार असतो. मला काही ऐकू नाही आलं."

"स्वप्नात वाजवला असशील रे," अध्यक्ष मायेने म्हणाले. "दमलास तू. घरी बस आता." आणि मनोऱ्याची किल्ली काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंग्या वहिनीच्या दारात गेला. या खेपेला ती बाजूला झाली.

"ये. शब्द दिला होता मी."

तिने ताट वाढलं. ताटात माशाचा जाडजूड तुकडा होता, कातडीवर काळपट झाक आलेला. इतका म्हातारा होईपर्यंत मासा फक्त बंद पाण्यातच जगतो, हे भोंग्याला सांगायला नको होतं.

"कुठून आला?"

"अध्यक्षांनी पाठवला. खा."

"वहिनी, तू तरी ऐकलास ना? तुझ्यासाठी वाजवला गं."

"मी काही ऐकलं नाही."

घास त्याच्या तोंडात फिरत राहिला. "दादा कुठाय?"

"कामावर."

"कारखान्यात?"

तेवढ्यात धक्क्याच्या टोकाकडून भोंगा वाजला. अडखळत, मधेच थांबत, डाव्या हाताने फिरवणाऱ्याचा वाजावा तसा. वहिनीने मान वर केली. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"हा ऐकला," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात दुसरा तुकडा वाढला.